मुका मार आणि धावता घोडा

धावत्या घोड्याच्या छायाचित्रांची ती ओळ बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेली असते. शाळेच्या पुस्तकात, सिनेमाच्या इतिहासावरच्या लेखात, नाहीतर मोबाइलवर फिरणाऱ्या एखाद्या चलचित्रात. पाठीवर वाकलेला स्वार आणि एका चौकटीत चारही पाय जमिनीपासून सुटलेले. ही छायाचित्रे काढणारा एडवर्ड मायब्रिज सिनेमाचा एक पूर्वज म्हणून प्रसिद्ध आहे. मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र तो आणखी एका कारणाने ठाऊक आहे. वयाच्या तिसाव्या वर्षी त्याच्या डोक्याला जबर मार बसला, आणि त्यानंतर कित्येक आठवडे त्याला समोर एक माणूस बसला असला तरी शेजारी दुसराही बसलेला दिसत होता.

डोक्याला मार लागून गेलेले लोक दवाखान्यात येतात तेव्हा त्यांची हकिगत बहुधा एकसारखी असते. पडलो, मिनिटभर शुद्ध हरपली, सीटी स्कॅन केला, तो नॉर्मल आला, घरी सोडले. खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. मान वळवली की घर फिरते. कुकरची शिट्टी थेट डोक्यात घुसते. वर्तमानपत्राच्या ओळी एकमेकींवर चढतात. बोलता बोलता साधा शब्द आठवत नाही. कधी आवाज न चढवणारा माणूस घरातल्या पोरांवर खेकसतो आणि मग स्वतःच ओशाळतो. रात्री झोप लागत नाही तेव्हा मनात एकच प्रश्न घोळत राहतो, आपल्याला वेड तर लागत नाही ना? डॉक्टरी भाषेत या दुखापतीला कन्कशन म्हणतात. आपला मुका मार हा शब्द मला त्याहून नेमका वाटतो. मार लागलेला असतो, पण तो दिसत नाही, बोलत नाही, आणि म्हणून घरच्यांचाही त्यावर पुरता विश्वास बसत नाही.

मायब्रिजचा मार याच जातीचा होता, फक्त पुष्कळ मोठा. त्याची गोष्ट सांगण्याजोगी आहे ती अशासाठी, की पंधरा वर्षांनी एका खटल्यात त्याला आपली लक्षणे शपथेवर सांगावी लागली. एकोणिसाव्या शतकात डोक्याला मार बसलेल्या माणसाला आतून काय जाणवत होते, याची इतकी स्पष्ट नोंद सहसा सापडत नाही.

त्याचा जन्म ९ एप्रिल १८३० रोजी लंडनजवळच्या किंग्स्टन या गावी झाला. मूळ नाव एडवर्ड जेम्स मगरिज. वडील धान्याचे आणि कोळशाचे व्यापारी होते, ते लवकर वारले. पोरगा विशीत अमेरिकेला गेला आणि १८५५च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत पुस्तके विकू लागला. नावे बदलण्याची त्याला भारी हौस. मगरिजचा मायग्रिज झाला, मायग्रिजचा मायब्रिज झाला आणि पुढे एडवर्डचे स्पेलिंगही त्याने जुन्या सॅक्सन राजाच्या नावाबरहुकूम करून घेतले. हा सगळा विक्षिप्तपणा लोक अपघाताच्या खात्यावर टाकून मोकळे होतात. पण आडनावातला पहिला बदल अपघाताच्या आधीचा आहे. ही नोंद पुढे कामास येईल.

१८६० साली जुनी, दुर्मीळ पुस्तके खरेदी करायला त्याने युरोपात जायचे ठरवले. दुकान भावाच्या हवाली केले. अमेरिकेत आरपार जाणारी रेल्वे तेव्हा नव्हती. २ जुलैला तो बटरफील्ड कंपनीच्या टपालाच्या घोडागाडीत बसला. ही गाडी सॅन फ्रान्सिस्कोहून दक्षिणेकडे उतरून वाळवंटातून, टेक्सासमधून मिसूरीपर्यंत जायची. रात्रंदिवस प्रवास, वाटेत घोडे बदलायचे, झोप बसल्या बसल्या. तीन आठवड्यांच्या आसपास प्रवास सुरळीत झाला.

टेक्सासात एका ठाण्यावर जेवण करून मंडळी गाडीत बसली. मायब्रिजची आठवण इथे संपते. पुढचे त्याला एका सहप्रवाशाकडून कळले. अर्ध्या तासाने गाडी क्रॉस टिंबर्स नावाच्या झाडीच्या पट्ट्यात शिरत होती. जुंपलेले घोडे अर्धवट माणसाळलेले, रानटी जातीचे होते. ते उधळले, गाडीवानाला आवरेनात. आता गाडी आपटणार हे मायब्रिजने ओळखले. मागून बाहेर पडावे म्हणून त्याने चाकू काढला आणि गाडीच्या मागच्या बाजूचे कॅनव्हास कापायला घेतले. तेवढ्यात गाडी खडकावर किंवा बुंध्यावर धडकली आणि तो डोक्यावर फेकला गेला. गाडीतले सगळे जखमी झाले, एक जण दगावला.

तो शुद्धीवर आला तेव्हा आर्कान्सासमधल्या फोर्ट स्मिथ या गावी बिछान्यावर पडलेला होता. अपघाताच्या जागेपासून हे गाव दीडशे मैलांवर. मधले दिवस त्याच्या डोक्यात कोरे होते. टाळूवर एक छोटीशी जखम होती, बस. मात्र प्रत्येक डोळा आपापले वेगळे चित्र दाखवत होता. चव नव्हती, वास नव्हता. कानांनी जवळजवळ ऐकू येत नव्हते. विचारांचा गोंधळ उडत होता. ही तीव्र अवस्था सुमारे तीन महिने टिकली.

क्षणभर त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. परके गाव, ओळखीचे कुणी नाही, अंगावर मोठी जखम नाही, आणि जग मात्र पार बदललेले. त्या काळच्या डॉक्टरांकडे कवटीच्या आत डोकावण्याचे कोणतेही साधन नव्हते. क्ष-किरणांचा शोधसुद्धा पस्तीस वर्षे दूर होता. आज आपण त्याच्या एकेका लक्षणाचा माग काढू शकतो, आणि असा माग लागला की भीती निम्मी उतरते, हा अनुभव आहे.

आधी कोऱ्या दिवसांबद्दल. मेंदू कवटीत पाण्यात ठेवलेल्या मऊ लोण्याच्या गोळ्यासारखा तरंगत असतो. डोके एकदम थांबले किंवा फिरले तरी तो जडत्वाने पुढे जातो, आदळतो, पिळवटतो. त्यात चेतापेशींचे लांबलचक धागे ताणले जातात. पेशींच्या आवरणातून पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत घुसते आणि हा तोल पुन्हा सावरायला पेशींना भरपूर ऊर्जा लागते. नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा पुरा पडत नाही. स्कॅनमध्ये यातले काही दिसत नाही, कारण स्कॅन रक्तस्राव आणि मोडतोड दाखवतो, पेशींची ओढाताण दाखवत नाही. या काळात आठवणी साठवण्याचे काम बंद पडते. माणूस बोलतो, पाणी मागतो, कधी चालतोही, पण त्याची नोंदच होत नाही. तेव्हा ते दिवस आठवावेत म्हणून डोके शिणवण्यात अर्थ नाही. जे लिहिलेच गेले नाही ते वाचणार कसे? ही कोरी जागा चोवीस तासांपेक्षा मोठी असेल तर आजचे डॉक्टर त्या दुखापतीला सौम्य म्हणत नाहीत. त्या हिशेबाने मायब्रिजचा मार साध्या कन्कशनच्या बराच पलीकडचा होता.

दोन दिसण्याचे कारण बहुधा डोळ्यात नसते. प्रत्येक डोळा सहा स्नायूंनी हलतो आणि या स्नायूंना हुकूम देणाऱ्या तीन नसा आहेत. त्यातली एक फार बारीक आहे आणि कवटीत तिचा प्रवास सर्वांत लांबचा. हिसका बसला की ती सहज दुखावते. मग दोन डोळे एका बिंदूवर जुळत नाहीत आणि मेंदूला दोन चित्रे मिळतात. एक डोळा झाकल्यावर दुसरे चित्र नाहीसे झाले, तर दोष जुळणीचा आहे असे समजावे. अर्थात हे घरी पाहून गप्प बसायचे नाही. मारानंतर दोन दिसू लागले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. तपासणीत धोक्याचे काही निघाले नाही, तर पुष्कळांचे हे दुखणे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरते. तोवर एका डोळ्यावर पट्टी किंवा चष्म्याला प्रिझम लावून काम चालते. गाडी मात्र चालवायची नाही.

वास जाण्याचे कारण आणखी साधे आहे. नाकाच्या छतावर चाळणीसारखे एक नाजूक हाड असते. वासाचे बारीक तंतू त्याच्या भोकांतून वर मेंदूत जातात. मेंदू मागेपुढे हलला की हे तंतू दोरे तुटावेत तसे तुटतात. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग वासाचाच असतो, म्हणून आमटीला फक्त खारट-आंबटपणा उरतो, फोडणीचा पत्ता नसतो. काहींचा वास परत येतो, काहींचा येत नाही. लवंग, लिंबू, निलगिरी असे ओळखीचे वास रोज लक्षपूर्वक घेण्याचा सराव काही जणांना उपयोगी पडतो. या लक्षणाला लोक फार किंमत देत नाहीत, पण घरात एकट्या राहणाऱ्याच्या दृष्टीने ते धोक्याचे आहे. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम मिसळलेला उग्र वास त्याला येणारच नाही. गॅस गळती ओळखणारे छोटे यंत्र बसवून घ्यावे आणि फ्रिजमधल्या डब्यांवर तारखा लिहाव्यात.

फोर्ट स्मिथहून मायब्रिज न्यू यॉर्कला गेला आणि तिथे उपचार घेत राहिला. कंपनीवर त्याने दहा हजार डॉलरचा दावा लावला, अडीच हजारांवर तडजोड झाली. पुढे इंग्लंडला परतल्यावर त्याने लंडनमध्ये डॉ. विल्यम गल यांना गाठले. सारा उपचार वर्षाहून जास्त चालला.

गल हे गाइज रुग्णालयातले नावाजलेले वैद्य. पुढे ते राणी व्हिक्टोरियाचे डॉक्टर झाले, सर झाले. खाणे सोडून देणाऱ्या मुलींच्या आजाराला आजचे अॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव त्यांनीच रूढ केले. गल यांचा औषधांच्या भडिमारावर विश्वास नव्हता. त्या काळात जळवा लावणे, रक्त काढणे, पाऱ्याच्या गोळ्या देणे हा सर्रास प्रकार होता, हे लक्षात घेतले म्हणजे मायब्रिजचे नशीब केवढे ते कळते. विश्रांती, साधा आहार, मोकळी हवा आणि उघड्यावरचे काम, असा गल यांचा रोख असे. छायाचित्रणाची वाट त्यांनीच सुचवली असेही म्हणतात. त्याला पक्का आधार नाही. पण उपचारांची दिशा पाहिली तर आजच्या सल्ल्याशी तिचे चांगलेच जुळते.

आजचा सल्ला असा. पहिले एक-दोन दिवस खरी विश्रांती. स्क्रीन कमी, दारू वर्ज्य, झोप पुरेशी. त्यानंतर हळूहळू हालचाल वाढवायची. लक्षणे थोडी वाढली तर एक पाऊल मागे, ओसरली की पुन्हा पुढे. आपल्याकडे मात्र प्रेमाने उलटे केले जाते. पडदे ओढून अंधाऱ्या खोलीत महिनाभर झोपवून ठेवतात, कुणी भेटायला येऊ देत नाहीत. अशा बंदिवासात रुग्णाला दुसरे काम काय, तर स्वतःच्या डोक्याकडे लक्ष देत बसणे. आज चक्कर किती आली, कालपेक्षा जास्त का, कान का वाजतो. भीतीने झोप उडते, झोप उडाल्याने डोके दुखते, डोके दुखले की भीती वाढते. यात रुग्णाची लक्षणे खोटी नसतात, नाटक तर मुळीच नसते. मेंदू सावरत असताना भीती त्याच्यावर आणखी ओझे टाकते, इतकेच. साध्या कन्कशननंतर बहुतेक प्रौढ माणसे काही आठवड्यांत पूर्ववत होतात. काहींना महिने लागतात. त्यांच्या मानेची, तोलाची, डोळ्यांच्या जुळणीची आणि मनःस्थितीची वेगवेगळी तपासणी करून त्या त्या गोष्टीवर उपचार करता येतात.

धोक्याच्या खुणा मात्र घरातल्या सगळ्यांना पाठ हव्यात. डोकेदुखी वाढतच जाणे, पुन्हा पुन्हा उलट्या, झटके, वाढती गुंगी किंवा उठवता न येणे, बोलणे अडखळणे, हातापायातली शक्ती जाणे, दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्राव. यातले एकही दिसले तर वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात जावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर पडल्यानंतर काही वाटत नसले तरी दाखवून घ्यावे. आणि पहिला मार बरा होण्याआधी दुसरा बसू देऊ नये. मैदानावर डोके आपटलेल्या मुलाला त्याच दिवशी परत खेळायला उतरवणाऱ्या प्रशिक्षकांना हे कुणीतरी ठणकावून सांगायला हवे.

मायब्रिज कसा सावरला याचा दिवसवार वृत्तांत नाही. पण तो नुसता पडून राहिला नव्हता. दुखापतीनंतरच्या वर्षा-दीड वर्षात त्याने इंग्लंडमध्ये दोन पेटंटे घेतलेली आढळतात, एक छपाईच्या तंत्राचे आणि दुसरे चक्क कपडे धुण्याच्या यंत्राचे. १८६७च्या सुमारास तो सॅन फ्रान्सिस्कोत परत दिसतो, आणि आता तो पुस्तकविक्रेता नसतो. हेलिऑस, म्हणजे सूर्य, या नावाने तो छायाचित्रे काढत असतो. योसेमिटी खोऱ्यातले धबधबे, कडे, ढग. गंमत अशी की त्याच्या धंद्याचा मोठा भाग स्टिरिओ छायाचित्रांचा होता. थोड्याशा अंतरावरून घेतलेली दोन चित्रे शेजारी शेजारी लावायची आणि डोळ्यांना दुर्बिणीसारखे यंत्र लावून ती एकात एक मिसळून पाहायची, म्हणजे खोली दिसते. ज्याचे दोन डोळे काही महिने एकमेकांशी फटकून वागत होते, त्याने पोटापाण्यासाठी दोन चित्रांचे एक करण्याचा उद्योग निवडला. यात काही गूढ शोधू नये; त्या काळी अशा चित्रांना गिऱ्हाईक होते.

कामाच्या बाबतीत तो कमालीचा चिकट निघाला. वजनदार काचांच्या पट्ट्या आणि रसायनांच्या बाटल्या खेचरांवर लादून तो डोंगर चढायचा. हवे ते दृश्य मिळेना तर झाडे तोडवायचा. १८७२ साली हजारो फूट खोल दरीवर पुढे आलेल्या एका खडकावर पाय सोडून बसलेला त्याचा फोटो आजही पाहणाऱ्याच्या पोटात गोळा आणतो.

आता गोष्टीचा काळा भाग. १८७१ साली त्याने फ्लोरा स्टोन या तरुणीशी लग्न केले. तो एकेचाळीस वर्षांचा, ती एकवीस. तो कामासाठी महिनोन्महिने बाहेर, आणि तिची मैत्री नाटकांची परीक्षणे लिहिणाऱ्या हॅरी लार्किन्सशी. १८७४च्या एप्रिलमध्ये मुलगा झाला. ऑक्टोबरमध्ये मायब्रिजने सुईणीच्या घरी त्या बाळाचा फोटो पाहिला आणि मागे लिहिलेले हॅरी हे नाव वाचले. १७ ऑक्टोबरला तो बोटीने, रेल्वेने आणि शेवटी भाड्याच्या गाडीने कॅलिस्टोगाजवळच्या एका खाणीवर गेला, रात्री दार वाजवून लार्किन्सला बाहेर बोलावले आणि गोळी घातली. लार्किन्स जागीच गेला.

फेब्रुवारी १८७५ मध्ये नॅपा इथे खटला चालला. वकिलांनी बचाव मांडला तो डोक्याच्या माराचा. जुने मित्र साक्षीला आले. अपघाताआधीचा मायब्रिज दिलखुलास, व्यवहाराला चोख होता. परत आला तो चिडका, लहरी, पैशाबाबत बेफिकीर, कधी एकाएकी भावनांचा स्फोट करणारा, असे त्यांनी सांगितले. खडकावर पाय सोडून बसण्याचा तो प्रकारही पुराव्यात आला. मायब्रिजने आपली ती दोन-दोन दिसण्याची हकिगत सांगितली ती इथेच. ज्यूरीने वेडाचा मुद्दा मानला नाही. तरीही त्याला सोडून दिले. बायकोच्या प्रियकराला मारणे हे त्यांच्या लेखी क्षम्य होते. निकाल ऐकताच मायब्रिज कोसळला, त्याला हुंदके आवरेनात.

२००२ साली आर्थर शिमामुरा या कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्रज्ञाने या साक्षी पुन्हा तपासल्या. डोळ्यांच्या खोबणीच्या वर, कपाळामागे मेंदूचा जो खालचा भाग असतो तो मायब्रिजच्या बाबतीत दुखावला असावा, असा त्याचा तर्क आहे. तो पटण्याजोगा आहे. कवटीचा तळ तिथे खडबडीत असतो, मेंदू तिथे घासला जातो, आणि वासाचे तंतूही त्याच्याच खालून जातात. म्हणजे वास जाणे आणि लगाम सुटणे या दोन्हींचे घर एक. राग येणे आणि रागावर हात उचलणे यांच्यात जी क्षणभराची फट असते ती राखण्याचे काम याच भागाचे. घरातल्या माणसाचा स्वभाव मारानंतर बदलला, तर त्याला संस्कार शिकवत बसण्याऐवजी मेंदूच्या डॉक्टरांकडे न्यावे ते यासाठी.

पण मला इथे थांबावेसे वाटते. खुनाच्या दिवशी मायब्रिजने आधी आपल्या कामाची निरवानिरव केली, बोट गाठली, गाडी बदलली, तासन्‌तास प्रवास केला. क्षणिक स्फोटाच्या चित्रात हे नीट बसत नाही. आणि तो मुळातलाच काहीसा विक्षिप्त होता, हे नावांच्या भानगडीवरून दिसतेच. मित्रांच्या साक्षीही फासापासून वाचवण्यासाठी दिलेल्या होत्या. एका माराने माणसाची सारी कृत्ये समजावून सांगणे सोपे असते, म्हणूनच ते जपून करावे. कन्कशन झालेल्या कुणी ही गोष्ट वाचून आता आपणही कुणाचा जीव घेऊ अशी धास्ती घेऊ नये. चिडचिड ही त्या दुखण्यात नेहमीची आहे, आणि बहुतेकांची ती मेंदूबरोबरच निवते.

सुटल्यावर तो मध्य अमेरिकेत निघून गेला. तिथे असतानाच फ्लोरा सॅन फ्रान्सिस्कोत वारली, जेमतेम चोवीस वर्षांची. मुलगा अनाथालयात वाढला. बापाने त्याच्याशी फारसा संबंध ठेवला नाही.

घोड्यांचे प्रसिद्ध काम त्यानंतरचे. कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर आणि रेल्वेचे धनाढ्य मालक लेलँड स्टॅनफर्ड यांना दौडत्या घोड्याचे चारही पाय एका वेळी हवेत असतात का, हे जाणून घ्यायचे होते. मोठ्या पैजेची जी कथा सांगतात तिला पुरावा नाही. जून १८७८ मध्ये पालो आल्टो इथल्या त्यांच्या फार्मवर मायब्रिजने बारा कॅमेरे ओळीने लावले, धावपट्टीवर तारा ताणल्या आणि घोड्याने स्वतःच आपले फोटो काढले म्हणा ना. पाय हवेत असतात हे सिद्ध झाले. पण चित्रकार दाखवत तसे पुढेमागे पसरलेले नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असतात. पुढच्या वर्षी त्याने ही चित्रे पडद्यावर हलती दाखवणारे यंत्र बनवले. ल्युमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईत वॉटसन हॉटेलात आला तो १८९६च्या जुलैत, त्यानंतर सतरा वर्षांनी.

मला त्याच्या कामातला सर्वांत मोलाचा भाग याच्याही पुढचा वाटतो. स्टॅनफर्डशी बिनसल्यावर तो फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेला. तिथे माणसे आणि प्राणी यांच्या हालचालींचे ७८१ तक्ते तयार झाले आणि १८८७ साली प्रसिद्ध झाले. पायऱ्या उतरणारी बाई, कुस्ती खेळणारे पुरुष, उडणारा पोपट. त्यांच्यातच काही तक्ते रुग्णांचे आहेत. फ्रान्सिस डर्कम हे तरुण मेंदूतज्ज्ञ आपले रुग्ण घेऊन येत आणि मायब्रिज त्यांची चाल टिपत असे. तोल जाणारे, पाय फेकत चालणारे, आचके येणारे. नुसत्या नजरेला नुसते लडखडणे दिसायचे. एकेक पाऊल वेगळे झाल्यावर कोणता पाय केव्हा उशिरा उचलला जातो हे डॉक्टरांना मोजता येऊ लागले. आज मोठ्या रुग्णालयांत चाल तपासण्याच्या प्रयोगशाळा असतात. अनेक कॅमेरे, चालण्यासाठी पट्टी, पावलागणिक नोंद. मांडणी पालो आल्टोचीच आहे.

१८९४ साली तो किंग्स्टनला परतला आणि एका नातलगाच्या घरी राहू लागला. दाढी पांढरीशुभ्र, अंगावर जुने कपडे. अखेरच्या दिवसांत त्याने घराच्या बागेत अमेरिकेतल्या पाच महासरोवरांची छोटी प्रतिकृती खणायला घेतली होती. ८ मे १९०४ रोजी तो वारला. आपली यंत्रे आणि काचपट्ट्या त्याने गावाला देऊन टाकल्या होत्या. त्या आज तिथल्या संग्रहालयात आहेत.